प्लीहेतील गळू : दुर्मीळ जिवाणू आणि नेटाने करायचे उपचार

प्लीहा पोटात डावीकडे वर, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड असते. ग्रामीण बोलीत तिला पाणथरी म्हणतात. निरोगी प्रौढ माणसात तिचे वजन १५० ग्रॅमच्या आसपास भरते आणि ती बाहेरून हाताला लागत नाही. लागलीच तर सुजली आहे असे समजायचे. शरीरातले रक्त तिच्या जाळीतून सतत गाळले जाते. म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी तिथे मोडीत निघतात आणि रक्तात शिरलेले जंतू तिथल्या पेशी गिळून टाकतात. जंतू मारण्याचीच जागा असल्यामुळे तिथे पू साचण्याची वेळ सहसा येत नाही. शवविच्छेदनांच्या जुन्या नोंदींत प्लीहेतील गळवांचे प्रमाण ०.१४ ते ०.७ टक्के इतकेच सापडते. अलीकडे सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन सर्रास होतात, शिवाय मधुमेही आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्णही वाढले आहेत, त्यामुळे हे निदान पूर्वीपेक्षा जास्त वेळा होते. उपचारांविना हा आजार जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो. वेळेवर नेमके उपचार मिळाले तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. या दोन टोकांमधले अंतर बहुतेक वेळा एका गोष्टीवर ठरते: पू कोणत्या जिवाणूमुळे झाला, याचा छडा लागला की नाही.

पू होतो कसा

सर्वांत नेहमीचा मार्ग रक्ताचा. शरीरात दुसरीकडे कुठे तरी संसर्ग असतो, तिथून जिवाणू रक्तात उतरतात आणि प्लीहेत अडकून राहतात. हृदयाच्या झडपांना झालेला संसर्ग हे याचे ठळक उदाहरण. लहानपणी सांधेतापामुळे झडपा खराब झालेल्या किंवा कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाच्या झडपेवर जिवाणूंचे पुंजके वाढतात, त्यांचे तुकडे सुटून रक्तप्रवाहाबरोबर प्लीहेच्या धमनीत जातात आणि तो भाग मृत होतो. असा मृत भाग मग पुवाला आयताच सापडतो. म्हणून प्लीहेत गळू दिसले की हृदयाची इको तपासणी करणे हा शहाण्या डॉक्टरांचा शिरस्ता आहे, भले रुग्णाला हृदयाची कसलीही तक्रार नसो.

पोटावर मार लागून प्लीहेत रक्त साकळलेले असेल तर काही दिवसांनी त्यात पू होऊ शकतो. स्वादुपिंड, मोठे आतडे किंवा डाव्या मूत्रपिंडाभोवतीचा संसर्ग थेट पसरूनही गळू होते, पण हे तुलनेने कमी. आणि या सगळ्यांच्या मुळाशी अनेकदा एक सामाईक कारण असते, ते म्हणजे खालावलेली प्रतिकारशक्ती: ताब्यात नसलेला मधुमेह, एचआयव्ही, कर्करोगाची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, दारूचे व्यसन.

सिकलसेल हा महाराष्ट्राच्या दृष्टीने वेगळा विचार करण्याजोगा गट. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा आदिवासीबहुल जिल्ह्यांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. विळ्याच्या आकाराच्या पेशी प्लीहेतल्या बारीक वाहिन्या तुंबवतात आणि तिचे तुकडे वारंवार मृत होतात. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत प्लीहा बालपणीच आक्रसून नाहीशी होते; भारतात आढळणाऱ्या प्रकारात ती पुष्कळदा मोठेपणीही टिकून, उलट वाढलेली असते. त्यामुळे इथल्या सिकलसेलच्या रुग्णाला डाव्या बरगडीखाली दुखत असेल आणि ताप उतरत नसेल, तर 'नेहमीचाच क्रायसिस' (सिकलसेलमधला वेदनेचा झटका) म्हणून वेदनाशामकावर भागवू नये. अशा रुग्णांत साल्मोनेला गटातले जिवाणू विशेष त्रास देतात.

लक्षणे फसवी का असतात

ताप, डाव्या बरगडीखालची वेदना आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची वाढ ही त्रयी पुस्तकात दिलेली असते. प्रत्यक्षात तिन्ही गोष्टी एका वेळी सगळ्यांत दिसत नाहीत. ताप मात्र जवळपास सर्वांना येतो, बहुधा थंडी वाजून, आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. दुखण्याचे तसे नाही. वेदना जाणवते ती प्लीहेच्या आवरणाला सूज आली की. गळू आत खोल असेल तर रुग्ण पोटाकडे बोटही दाखवत नाही. उलट काही जणांचा डावा खांदा दुखतो. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची संवेदना मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूकडे जाते, म्हणून पडद्याखालचा दाह खांद्याला जाणवतो. असा रुग्ण हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेला असतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला खाली थोडे पाणी दिसते किंवा डावा पडदा वर उचललेला दिसतो. आपल्याकडे ताप, वजनातील घट आणि छातीत पाणी असे तिन्ही एकत्र आले की क्षयरोगाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. तो अंदाज पुष्कळदा बरोबरही निघतो. पण थुंकीत, छातीतल्या पाण्यात किंवा पुवात क्षयाचा पुरावा मिळालेला नसताना क्षयाची औषधे सुरू केली आणि दोन-तीन आठवड्यांत कसलाच फरक पडला नाही, तर पोटाची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न रुग्णाने किंवा घरच्यांनी स्वतःहून विचारलेला बरा.

एकाएकी पोटभर दुखू लागणे, पोट लाकडासारखे कडक होणे, दरदरून घाम आणि रक्तदाब घसरणे ही गळू फुटल्याची चिन्हे. अशा वेळी घरी थांबू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

तपासण्या

सोनोग्राफी ही पहिली पायरी. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होते आणि बहुतेक मोठी गळवे तीत सापडतात. मात्र बरगड्या आणि आतड्यातला वायू मध्ये येतो, अगदी बारीक गळवे निसटतात. शंका कायम असेल तर शिरेतून रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन करावा. त्याची अचूकता ९५ टक्क्यांच्या घरात आहे. गळू एक आहे की अनेक, कप्पे किती, भिंत जाड आहे की नाही, यकृतात, मूत्रपिंडात किंवा पुरुषांमध्ये प्रोस्टेटमध्येही पू आहे का, हे सारे त्यात कळते. पुढचे उपचार या तपशिलांवरच ठरतात.

स्कॅनमध्ये दिसणारी प्रत्येक पोकळी गळू नसते. प्लीहेचा मृत झालेला भाग, साकळलेले रक्त, लिम्फोमा यांचे चित्र मिळतेजुळते असू शकते. सर्वांत सांभाळायचे ते हायडॅटिड कृमीच्या गाठीला. कुत्री आणि मेंढ्या यांच्यामार्फत फिरणाऱ्या या कृमीची पाण्याने भरलेली गाठ पुवाची समजून सुई टोचली, तर आतले पाणी पोटात सांडून तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो आणि कृमी पोटभर पसरतात. मेंढपाळ कुटुंबातील किंवा कुत्र्यांशी सतत संबंध येणाऱ्या रुग्णाने ही माहिती न विचारताही सांगावी.

यानंतरचा टप्पा कल्चरचा, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या शिरांतून रक्त घ्यावे, प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. रक्त कमी घेतले की जिवाणू सापडण्याची शक्यताही घटते. रुग्णालयात येण्याआधी गल्लीतल्या दवाखान्यातून दोन-चार दिवसांच्या गोळ्या किंवा एखादे इंजेक्शन झालेले असते. त्याने ताप हटत नाही, पण कल्चर मात्र कोरे येते. म्हणून आधी काय काय घेतले त्याच्या चिठ्ठ्या आणि रिकामी पाकिटे सोबत नेणे फार उपयोगाचे.

रक्तातून उत्तर न मिळाल्यास सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने सुईने पू काढला जातो. हा पू निर्जंतुक, कोरड्या डबीत प्रयोगशाळेत जायला हवा. तो फॉर्मालिनमध्ये बुडवून पाठवला तर त्यातले सगळे जिवाणू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. बायोप्सीच्या सवयीने ही चूक होते आणि एवढ्या जिकिरीने काढलेला नमुना वाया जातो. पुवाचे वाटे करून साधे कल्चर, प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंचे कल्चर, क्षयासाठी सीबीनॅट आणि बुरशीची तपासणी असे सर्व एकाच वेळी पाठवावे. दुसऱ्यांदा सुई घालण्याची पाळी येऊ नये, हा त्यामागचा साधा हिशेब.

कोणते जिवाणू, कोणते औषध

नेहमी सापडणारे जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, ई. कोलाय आणि क्लेब्सिएला. क्लेब्सिएला मधुमेहींत अधिक आणि पुष्कळदा यकृतातही पू करतो. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर या सर्वांना आवरेल असे व्यापक प्रतिजैविक शिरेतून सुरू करतात आणि अहवाल आला की नेमक्या औषधावर येतात. उपचार साधारण चार ते सहा आठवडे चालतात. झडपेचा संसर्ग असेल तर त्याची मुदत वेगळी मोजली जाते.

विषमज्वराच्या जिवाणूमुळे होणारे प्लीहेतील गळू आता क्वचित दिसते. विषमज्वराचे औषध पूर्ण घेऊनही ताप परत चढू लागला आणि डावी कूस दुखू लागली, तर सोनोग्राफी करून घ्यावी. क्षयाची बारीक बारीक गळवे एचआयव्ही असलेल्या रुग्णांत आढळतात. त्यांना चिरफाड लागत नाही, क्षयाची औषधे सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तितका काळ घेतली की ती विरतात. ब्रुसेला हा जनावरांकडून येणारा जिवाणू. धारोष्ण दूध पिणारे, गाभडलेल्या जनावराची झार हाताने काढणारे पशुपालक, पशुवैद्यक आणि खाटीक यांना त्याचा धोका असतो. याचा ताप चढउतार करत महिनोन्‌महिने राहतो, सांधे आणि पाठ दुखते. त्यावर डॉक्सिसायक्लिनबरोबर दुसरे एखादे औषध जोडून किमान सहा आठवडे, गळू असेल तर त्याहून जास्त काळ उपचार करावे लागतात. दूध उकळून पिणे एवढ्या एका सवयीने यातला बराचसा धोका टळतो.

मेलिऑयडोसिस

दुर्मीळ जिवाणूंमध्ये सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा बुर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला मेलिऑयडोसिस म्हणतात. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असलेल्या रंगूनमध्ये आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९१२ साली या आजाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतातील पहिल्या मानवी रुग्णाची नोंद मात्र १९९१ साली, मुंबईहून झाली. मधल्या आठ दशकांत तो इथे नव्हता असे मानायला काहीच आधार नाही. तो ओळखला जात नव्हता, एवढेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि ८९ हजार त्यात दगावतात. यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे.

हा जिवाणू रुग्णाकडून येत नाही, मातीतून येतो. ओलसर माती, भातखाचरातला चिखल, साचलेले पाणी ही त्याची घरे. पायाच्या भेगांतून किंवा खरचटलेल्या जागेतून तो शरीरात शिरतो. वादळी पावसात हवेतल्या तुषारांबरोबर श्वासातून आणि दूषित पाणी प्यायल्यानेही तो जातो. म्हणून बहुसंख्य रुग्ण पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर दिसतात. भारतात कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपी-मंगळूर भागात, याच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर झाल्या, कारण मणिपालसारख्या ठिकाणी त्याचा मुद्दाम शोध घेणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. तोच पाऊस, तीच भातशेती आणि तीच मजुरी गोव्यात, सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीतही आहे. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात राबणारा, मधुमेह असलेला मध्यमवयीन माणूस हा या आजाराचा ठरावीक बळी. रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण मधुमेही असतात, आणि काहींना आपल्याला मधुमेह आहे हे याच आजारपणात पहिल्यांदा कळते.

संसर्ग झाल्यापासून एक ते एकवीस दिवसांत बहुतेकांना लक्षणे दिसतात, तरी काहींत हा जिवाणू वर्षानुवर्षे गप्प राहून नंतर उचल खातो. बहुधा न्यूमोनिया होतो. त्याच्या जोडीला किंवा त्याच्याशिवायही यकृत, प्लीहा, प्रोस्टेट, सांधे, त्वचा कुठेही पू होतो. प्लीहेत एक मोठे गळू होण्याऐवजी अनेक बारीक गळवे होणे हे याचे वैशिष्ट्य. मधुमेही रुग्णाच्या प्लीहेत आणि यकृतात एकाच वेळी अशी गळवे दिसली, तर मेलिऑयडोसिसचे नाव यादीत वरच्या बाजूला असायला हवे.

प्रयोगशाळेत तो चकवा देतो. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखा दिसतो, पण तसे दिसणारे दुसरेही जिवाणू आहेत. साध्या प्रयोगशाळेत त्याची नोंद 'स्यूडोमोनास जातीचा जिवाणू' अशी होते किंवा बाहेरून मिसळलेली घाण समजून अहवालातून वगळली जाते. ओळखण्याची एक सोपी खूण आहे: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही औषधांना तो दाद देत नाही, मात्र को-ॲमॉक्सिक्लॅवला नमतो. असा उलटसुलट वाटणारा अहवाल हाती आला तर तो मोठ्या केंद्राकडे पक्क्या ओळखीसाठी पाठवावा. नमुना देतानाच 'मेलिऑयडोसिसची शंका' असे विनंतीपत्रावर लिहिलेले असले, तर प्रयोगशाळा त्यासाठीचे खास माध्यम वापरते आणि तिथले कर्मचारीही सावधगिरी बाळगतात. एका कल्चरमध्ये तो न सापडल्याने आजार नाही असे ठरत नाही. रक्त, लघवी, थुंकी, घशाचा नमुना आणि पू असे सर्व पुन्हा पाठवावे लागतात.

उपचार दोन टप्प्यांत होतात आणि दोन्ही तितकेच महत्त्वाचे. पहिल्या टप्प्यात सेफ्टॅझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून देतात. १९८९ साली थायलंडच्या उबोन राचथानी येथील अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जुन्या औषधांवर गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्के दगावले आणि सेफ्टॅझिडीमवर ३७ टक्के. तेव्हापासून या आजाराच्या उपचाराची दिशाच बदलली. आपल्या रुग्णालयांत तापासाठी सहज वापरले जाणारे सेफ्ट्रायॅक्सोन त्याच कुळातले असले तरी या जिवाणूवर तोकडे पडते. साध्या संसर्गाला हा टप्पा किमान १० ते १४ दिवसांचा असतो. प्लीहेसारख्या खोल अवयवात पू असेल तर ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तो चार आठवड्यांचा धरतात, आणि पू काढावा लागला असेल तर शेवटचा पू काढल्याच्या दिवसापासून ही मुदत मोजतात.

या काळात ताप लवकर उतरत नाही, हे घरच्यांना आधीच सांगितलेले बरे. योग्य औषध चालू असूनही ताप जायला सरासरी नऊ दिवस लागतात. गळू असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त. 'आठवडा झाला, गुण नाही' म्हणून रुग्णालय बदलणे किंवा औषध बदलण्याचा आग्रह धरणे यात नुकसानच होते. रक्ताचे कल्चर स्वच्छ आले का, भूक परतली का, नवे गळू झाले का, यावरून डॉक्टर प्रगती जोखतात.

दुसरा टप्पा घरचा. को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने घ्यायच्या असतात, आणि त्याही वजनानुसार, नेहमीच्या संसर्गाला देतात त्याहून मोठ्या मात्रेत. इथे रुग्ण हमखास घसरतो. ताप गेलेला असतो, अंगात ताकद आलेली असते, शेतीची कामे खोळंबलेली असतात. गोळ्या महिन्याभरात बंद होतात. आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. या औषधाचे काही धोके आहेत आणि ते मधुमेहींना जास्त लागू पडतात. ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ते घेतल्यास साखर एकाएकी खाली येऊ शकते. रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टनसारख्या औषधांबरोबर रक्तातले पोटॅशियम वाढते. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवावी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम व रक्तपेशी यांची तपासणी चुकवू नये. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सल्फाची ॲलर्जी, जी-सिक्स-पीडीची कमतरता किंवा गर्भारपण असल्यास दुसरी औषधे आहेत. ती डॉक्टर निवडतात.

पू काढायचा की प्लीहा

एके काळी प्लीहेत गळू म्हणजे प्लीहा काढणे, असा सरळ हिशेब होता. आता तसे राहिले नाही. एकच कप्पा असलेले, स्पष्ट भिंतीचे आणि सुईच्या वाटेत असलेले गळू असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने त्यात बारीक नळी घालून पू बाहेर काढता येतो. त्याआधी रक्त गोठण्याची क्षमता आणि प्लेटलेट्स पाहणे आवश्यक, कारण प्लीहेतून रक्तस्राव झाला तर तो आवरणे कठीण असते. टोचताना फुप्फुसाच्या आवरणाला किंवा आतड्याला इजा होऊ शकते, तेही कल्पना देऊन संमती घेण्यासारखे. नळी काही दिवस ठेवतात. रोज किती पू आला याची नोंद करायची असते. दिवसाला १० मिलिलिटरपेक्षा कमी येऊ लागले आणि स्कॅनमध्ये पोकळी मिटलेली दिसली की नळी काढतात. अंथरुणात कूस बदलताना नळी ओढली जाऊ नये, म्हणून पिशवी कपड्याला नीट अडकवून ठेवावी.

अनेक बारीक गळवे असतील तर नळीचा उपयोग नसतो; मेलिऑयडोसिसमध्ये ती नुसत्या औषधांनी विरतात. अनेक कप्पे, घट्ट पू, फुटलेले गळू, नळी घालूनही न उतरणारा संसर्ग किंवा रक्तस्राव यांत मात्र प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. ती आता पुष्कळदा दुर्बिणीतून होते. झडपेची शस्त्रक्रिया करायची असेल आणि प्लीहेत पू असेल, तर आधी प्लीहेचा निकाल लावतात. नाहीतर नव्या झडपेवर तोच जिवाणू जाऊन बसण्याची भीती असते. एकंदरीत, ज्याचे पुढे आयुष्य पडले आहे अशा तरुण रुग्णाची आणि लहान मुलाची प्लीहा राखण्यासाठी थोडे जास्त थांबणे आणि जास्त वेळा स्कॅन करणे परवडते.

प्लीहा गेल्यानंतर

प्लीहा राखण्यासाठी एवढी धडपड का करायची, याचे कारण १९५२ साली किंग आणि शूमॅकर या शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले होते. प्लीहा काढलेल्या तान्ह्या मुलांना पुढे अतिशय तीव्र जंतुसंसर्ग होतात, असे त्यांनी नोंदले. प्रौढांतही हा धोका जन्मभर राहतो. सकाळी थोडा ताप आणि रात्री शुद्ध हरपलेली, इतक्या झपाट्याने तो वाढतो, आणि एकदा पूर्ण रूप घेतले की जवळपास निम्मे रुग्ण दगावतात.

न्युमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी) या जिवाणूंविरुद्धच्या लसी त्यासाठी द्याव्याच लागतात. शस्त्रक्रिया ठरवून होत असेल तर किमान दोन आठवडे आधी, तातडीची झाली असेल तर साधारण दोन आठवड्यांनंतर. यांपैकी काहींचे पुढचे डोस ठरावीक वर्षांनी घ्यावे लागतात, आणि इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी. लहान मुलांना बरीच वर्षे रोज पेनिसिलिन देतात. प्लीहा नसलेल्या माणसाने हे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवावे, कोणत्याही डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि ताप आला की 'सकाळी बघू' म्हणू नये. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीबरोबर प्रतिजैविकही लागते. हिवतापाच्या भागात जाताना प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी या दोन्हींची सोय हवी.

घरी आल्यावर आणि पुढच्या पावसाळ्यात

गळू औषधांवर बरे होत असताना दोन ते चार आठवड्यांनी सोनोग्राफी करतात. लक्षणे गेल्यावरही पोकळीची खूण काही महिने दिसत राहते; तेवढ्यावरून औषध वाढवण्याची गरज नसते. साखर मात्र कसोशीने ताब्यात ठेवावी लागते आणि आजारपणाच्या काळात बहुतेक मधुमेहींना गोळ्यांऐवजी इन्सुलिन घ्यावे लागते. मेलिऑयडोसिस झालेल्या माणसाला घरात वेगळे बसवण्याचे कारण नाही. माणसाकडून माणसाला तो जवळजवळ कधीच लागत नाही. ताट-वाटी, कपडे, अंथरूण वेगळे करण्याचा सोपस्कार अनावश्यक आहे.

मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट आजार किंवा स्टिरॉइड्स चालू असलेल्यांनी चिखलात उतरताना गमबूट घालावेत, हाताला जखम असेल तर रबरी मोजे. भातलावणीत गमबुटाने पाय रुततो आणि काम मंदावते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. निदान पायाच्या भेगा बुजवून ठेवणे, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावणे आणि शेतातून आल्यावर साबणाने स्वच्छ पाय धुणे एवढे तरी जमवावे. वादळी पावसात अशा व्यक्तींनी शक्यतो घरात राहावे आणि विहिरीचे पाणी उकळून प्यावे.

आखातात, युरोपात किंवा अमेरिकेत राहणारी मंडळी गणपतीला गावी येऊन परततात आणि काही आठवड्यांनी तिथे आजारी पडतात. तिथल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर मेलिऑयडोसिस, विषमज्वर किंवा ब्रुसेला सहसा नसतो. ताप रेंगाळत असेल तर कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात, किती दिवस राहणे झाले, शेतात किंवा ओढ्यात उतरणे झाले का, कच्चे दूध पिण्यात आले का, हे सगळे पहिल्याच भेटीत सांगावे. ही माहिती कल्चरच्या विनंतीपत्रावर लिहिली गेली, तर प्रयोगशाळेला जिवाणू ओळखणे सोपे जाते. मेलिऑयडोसिस एकदा होऊन गेलेल्या माणसाने तर पुढे कधीही ताप आला तरी जुन्या आजाराचे कागद सोबत न्यावेत. आजार उलटला असो किंवा मातीतून नव्याने लागला असो, तपासणी पुन्हा रक्ताच्या कल्चरपासूनच सुरू होते.